लंडन ते पॅरिस: एका तासाचा हिशेब

लंडनचा हीथ्रो विमानतळ ते पॅरिसचा शार्ल द गॉल विमानतळ हे अंतर आहे साधारण ३४८ किलोमीटर. फोनवर शोधलं की उत्तर क्षणात येतं. त्याखालीच प्रवासाचा वेळ दिसतो: सव्वा तास, कधी एक तास वीस मिनिटं. दोन आकडे मिळाले, विषय संपला.

पण या दोन आकड्यांचा मेळ घालून बघा. प्रवासी जेट विमान पूर्ण वेगात असताना ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास जातं. त्या वेगाने ३४८ किलोमीटरला लागायला हवीत २६ मिनिटं. मग वरची पन्नास मिनिटं जातात कुठे? त्याहून चक्रावणारी गोष्ट म्हणजे १९५० साली या दोन शहरांमधल्या उड्डाणाला पंख्याच्या विमानानेसुद्धा तासाभराच्या आसपासच लागत होतं. गेल्या पंचाहत्तर वर्षांत जगातलं सगळं काही वेगवान झालं, हा प्रवास मात्र होता तिथेच उभा आहे.

मी सॉफ्टवेअर लिहिते. एखादं काम २६ मिलिसेकंदांत व्हायला हवं आणि त्याला ७५ लागत असतील, तर आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: उरलेला वेळ कोण खातंय? तोच प्रश्न या मार्गाला विचारला, की उत्तरासाठी शंभर वर्षं मागे जावं लागतं.

कागदावरचं अंतर

आधी ३४८ हा आकडा. तो काढणं सोपं आहे. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरायची आणि गोलावरच्या दोन बिंदूंमधलं सगळ्यात कमी अंतर काढायचं. शाळेत नकोसे वाटणारे साइन-कोसाइन इथे उपयोगी पडतात. सगळं मिळून दहा ओळींचं काम.

पण त्या रेषेवरून विमान जात नाही. हीथ्रोच्या दोन्ही धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत, कारण तिथे वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो आणि विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उडतं. पॅरिस मात्र लंडनच्या आग्नेयेला. म्हणजे पॅरिसला निघालेलं विमान बहुतेक दिवशी पॅरिसकडे पाठ करून उडतं आणि मग वळतं. शार्ल द गॉलच्या चारही धावपट्ट्याही पूर्व-पश्चिमच, त्यामुळे उत्तरेकडून आलेल्या विमानाला उतरण्याआधी पुन्हा वळून रांगेत लागावं लागतं. ३४८ हा आकडा खोटा नाही, पण तो कुठल्याच विमानाने कापलेला नसतो.

सुरुवातीला हे वळसे नव्हते. तेव्हाचे विमानतळ म्हणजे गवताची मैदानं. वारा जिकडून येईल तिकडे तोंड करायचं, उडायचं आणि नाक पॅरिसकडे वळवायचं.

अडीच तास, दोन प्रवासी

२५ ऑगस्ट १९१९. पहिलं महायुद्ध थांबून वर्षही झालेलं नव्हतं. त्या सकाळी लंडनच्या पश्चिमेला असलेल्या हाउन्स्लो हीथ या मैदानावरून एक विमान पॅरिसजवळच्या ल बुर्जे विमानतळाकडे निघालं. ‘एअरक्राफ्ट ट्रान्सपोर्ट अँड ट्रॅव्हल’ ही कंपनी, बिल लॉफर्ड हा वैमानिक आणि एकुलता एक प्रवासी, तोही पत्रकार. सोबत वर्तमानपत्रं, चामडं, डेव्हनशरची साय आणि शिकारीचे पक्षी. जगातली पहिली रोजची आंतरराष्ट्रीय विमानसेवा म्हणून ज्या सेवेचं नाव घेतलं जातं, ती या सामानासकट सुरू झाली.

ते विमान होतं डी हॅविलँड डीएच-४ए. मूळचं हे युद्धातलं बाँबफेकी विमान. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, आणि मागच्या बाजूला दोन माणसांपुरती केलेली बंद जागा. भाडं एकवेळचं २० गिनी, म्हणजे २१ पौंड. प्रवासाला सुमारे अडीच तास लागले.

त्याच्या फक्त दहा वर्षं आधी, २५ जुलै १९०९ रोजी, लुई ब्लेरिओने पहिल्यांदा इंग्लिश खाडी विमानाने ओलांडली होती आणि ‘डेली मेल’चं एक हजार पौंडांचं बक्षीस जिंकलं होतं. ज्या पाण्यावरून जाण्यासाठी बक्षीस लावावं लागत होतं, त्यावरून आता रोज ठरलेल्या वेळी माणसं नेण्याचं आश्वासन दिलं जात होतं.

आश्वासन देणं सोपं होतं. धुकं, ढग, समोरचा वारा आणि मध्येच बंद पडणारं इंजिन यांना वेळापत्रक माहीत नव्हतं. म्हणून वाटेत पडल्या-झडल्यासाठी मैदानं राखलेली असत: इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ लिम्पनी, पलीकडे फ्रान्समध्ये सँ-तँग्लव्हेर. त्या अडीच तासांत पोहोचण्याची शक्यता होती, खात्री नव्हती. धंदाही तसाच डळमळीत. ही पहिली कंपनी १९२० च्या डिसेंबरात बंद पडली. फेब्रुवारी १९२१ च्या अखेरीस तर सगळ्याच ब्रिटिश कंपन्यांनी विमानं थांबवली, कारण पलीकडच्या फ्रेंच कंपन्यांना सरकारी अनुदान होतं आणि यांना नव्हतं. ब्रिटिश सरकारने अनुदान दिल्यावरच त्यांची विमानं पुन्हा उडाली.

एकच रस्ता, दोन विमानं

त्या काळी वैमानिक वाट कशी शोधत? खाली बघून. रेल्वेचे रूळ, मोठे रस्ते, नद्या. काही स्टेशनांच्या छपरांवर गावाचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असे, ते वाचत जायचं. आकाश स्वच्छ असेल तर ही पद्धत उत्तम. धुकं असेल तर खाली यायचं, आणखी खाली यायचं, रस्ता दिसेपर्यंत.

७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्समधल्या पिकार्डी भागात असंच धुकं होतं. लंडनच्या दक्षिणेचा क्रॉयडन विमानतळ आता मुख्य झाला होता. तिथून डेमलर एअरवेचं विमान टपाल घेऊन पॅरिसकडे येत होतं. त्यात वैमानिक आणि एक कोवळ्या वयाचा मदतनीस. पॅरिसहून लंडनकडे फ्रेंच कंपनीचं फार्मन गोलियाथ निघालं होतं. त्यात तीन प्रवासी, वैमानिक आणि मेकॅनिक. दोघंही जमिनीपासून अवघ्या दीडशे मीटरवर. समोरून येणारं दुसरं विमान दोन्ही वैमानिकांना दिसलं तेव्हा वळायला वेळ उरला नव्हता. टक्कर झाली आणि सातही जण गेले. दोन प्रवासी-वाहतुकीच्या विमानांची हवेत झालेली ही पहिली टक्कर.

हा अपघात मला या सगळ्या इतिहासाचा सांधा वाटतो. तोवर आकाश म्हणजे मोकळं मैदान होतं, तिथे दोन विमानं एकमेकांना भेटतील कशी, असा सर्वांचा समज. पण सगळेच वैमानिक खालची एकच खूण धरून जात असतील, तर मोकळ्या आकाशात एक अरुंद गल्ली आपोआप तयार होते. लवकरच क्रॉयडनला विमान कंपन्यांची बैठक झाली. विमानांत रेडिओ असावा, उजव्या बाजूने जाण्याचा नियम सगळ्यांनी पाळावा, असं ठरलं. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्स या देशांत आखलेले हवाई मार्ग आले.

आखलेला मार्ग म्हणजे वळसा, आणि वळसा म्हणजे काही मिनिटं. आजच्या सव्वा तासातली पहिली मिनिटं इथे जमा झाली.

रेडिओवरचा एक शब्द

क्रॉयडनच्या रेडिओ कक्षात फ्रेडरिक स्टॅन्ली मॉकफर्ड नावाचे वरिष्ठ अधिकारी होते. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना एक काम मिळालं: संकटात सापडलेल्या वैमानिकासाठी असा शब्द शोधायचा, जो खरखरत्या रेडिओवर वैमानिकालाही पटकन बोलता येईल आणि जमिनीवरच्या माणसालाही नक्की कळेल. तेव्हा क्रॉयडनची बरीचशी वाहतूक ल बुर्जेशी होती, म्हणजे ऐकणारा इंग्रज किंवा फ्रेंच. मॉकफर्डनी फ्रेंचमधल्या ‘मदे’ या, ‘मला मदत करा’ अशा अर्थाच्या उच्चाराशी जुळणारा शब्द सुचवला: ‘मेडे’. आज जगातल्या कुठल्याही आकाशात, मुंबईवर असो की मेलबर्नवर, वैमानिक संकटात तोच शब्द तीन वेळा उच्चारतो. त्याचा जन्म या ३४८ किलोमीटरांतल्या गर्दीत झाला.

वेगाची घाई नसलेली वर्षं

१९२४ साली चार ब्रिटिश कंपन्या एकत्र करून इम्पीरियल एअरवेज स्थापन झाली. १९२७ मध्ये तिने लंडन-पॅरिस मार्गावर ‘सिल्व्हर विंग’ नावाची सेवा सुरू केली, जेवणासकट. १९३१ मध्ये हँडली पेज एचपी-४२ ही चार इंजिनांची अवाढव्य दुपंखी विमानं आली. त्यांचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे बारा वर्षं उलटून, नवी विमानं येऊनही लंडन-पॅरिस प्रवास अडीच तासांच्या घरातच राहिला. पण आता प्रवासी खुर्चीत बसून जेवत होता, आणि या विमानांच्या शांतताकाळातल्या नागरी सेवेत एकाही प्रवाशाचा जीव गेला नाही. बारा वर्षांची प्रगती घड्याळात दिसत नाही, ती इथे दिसते.

या मार्गाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. फ्रान्सच्या खाडीकिनाऱ्यावर आर्दलो नावाचं गाव आहे. जे. आर. डी. टाटांच्या कुटुंबाचं तिथे घर होतं, आणि शेजारी राहत होते तेच लुई ब्लेरिओ. विमानाचं वेड जे. आर. डी. ना तिथल्या वाळूवर लागलं. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूपर्यंत टपालाचं पहिलं विमान आणलं. कराचीला ते टपाल इम्पीरियल एअरवेजने आणून दिलेलं असे. विलायतेहून निघालेल्या अशा पत्राचा पहिला टप्पा क्रॉयडन ते पॅरिस. पॅरिसहून पुढे ते रेल्वेने इटलीतल्या ब्रिंदिसीपर्यंत जाई आणि तिथून पुन्हा विमानाने पूर्वेकडे. इटलीवरून ब्रिटिश विमानं जाण्याचा प्रश्न सरकारांमध्ये अडलेला होता, म्हणून हवाई टपालाच्या वाटेत मध्येच आगगाडी. नकाशावरची सरळ रेघ सरकारी परवानगीपाशी वाकते, ती अशी.

घड्याळातला तास

आता एक कोडं. लंडनहून सकाळी नऊला निघालेलं, एक तास वीस मिनिटांचं विमान पॅरिसला कधी पोहोचतं? तिकिटावर असतं ११:२०. परतीला पॅरिसहून नऊला निघालं तर लंडनला ९:२०. जाताना दोन तास वीस मिनिटं, येताना वीस मिनिटं. कारण पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे आहे.

पण का पुढे आहे? सूर्याच्या हिशेबाने पॅरिस ग्रीनिचच्या फक्त ९ मिनिटं २१ सेकंद पुढे. १९११ साली फ्रान्सने आपलं घड्याळ ग्रीनिचशी जुळवलं. तेही मान राखून: कायद्यात ग्रीनिचचं नाव न घेता ‘पॅरिसची वेळ, ९ मिनिटं २१ सेकंद मागे’ असं लिहून. त्यामुळे १९१९ साली लॉफर्ड उडाला तेव्हा दोन्ही शहरांची प्रमाणवेळ एकच होती.

१४ जून १९४० रोजी जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं आणि घड्याळं बर्लिनप्रमाणे लावली गेली. युद्ध संपलं, जर्मन गेले, पण फ्रान्सचं घड्याळ ग्रीनिचच्या एक तास पुढे राहिलं ते आजतागायत. १९६८ ते १९७१ या काळात ब्रिटनने बारा महिने एक तास पुढे राहण्याचा प्रयोग केला तेव्हा दोघांची घड्याळं जुळली होती, मग पुन्हा फारकत.

आम्ही प्रोग्रामर वेळेचा हिशेब करताना जगभरच्या प्रमाणवेळांची एक यादी वापरतो. तिच्यात पॅरिसच्या नावापुढे १९११ चा बदल आहे आणि १९४० चाही. तिकिटावर ११:२० छापणाऱ्या प्रत्येक प्रणालीला ती नोंद हिशेबात धरावी लागते. पंचाऐंशी वर्षांपूर्वीच्या एका लष्करी ताब्याचा तास आपण आजही घड्याळात घालून उतरतो.

तासाभराचा मुक्काम

युद्धानंतर वेग खरोखर वाढला. २९ जुलै १९५० रोजी ब्रिटिश युरोपियन एअरवेजचं व्हिकर्स व्हायकाउंट विमान लंडनच्या नॉर्थहोल्टहून ल बुर्जेला गेलं. पंखे फिरवायला टर्बाइन इंजिन वापरणाऱ्या विमानाची ही जगातली पहिली नियमित प्रवासी फेरी. अडीच तासांचे तासभर झाले.

पुढे जेट आली. वेग जवळजवळ दुप्पट झाला, पण इतक्या कमी अंतरात वेगाला जागाच मिळत नाही. विमान वर चढतं, थोडं सरळ जातं न जातं तोच खाली यायला लागतं. आणि विमानं वाढली तशा रांगाही वाढल्या.

पण इथेच आणखी एक तारीख आहे. १० जून १९६५ रोजी ब्रिटिश युरोपियन एअरवेजचं एक ट्रायडंट विमान प्रवाशांना घेऊन हीथ्रोवर स्वयंचलित यंत्रणेने टेकलं. नियमित प्रवासी फेरीत असं पहिल्यांदाच घडत होतं, आणि ते विमान आलं होतं पॅरिसच्या ल बुर्जेहून. काही दिसत नसतानाही उतरता यावं, म्हणून चाललेल्या खटाटोपातलं हे पहिलं मोठं पाऊल. १९२२ मध्ये ज्या मार्गावर धुक्यात रस्ता शोधताना सात माणसं गेली, त्याच मार्गावर ४३ वर्षांनी धुक्यावरचा उपाय आला. या यंत्रणेने प्रवासाचं एक मिनिटही कमी केलं नाही. कोणत्याही वेळापत्रकात तिची नोंद दिसणार नाही.

पन्नास मिनिटांचा जमाखर्च

तर उरलेला वेळ कोण खातंय?

तिकिटावरचा वेळ विमान दारापासून हलल्यापासून दुसऱ्या दारापाशी थांबेपर्यंतचा असतो. त्यात प्रत्यक्ष हवेतला वेळ साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटं. बाकीचा वेळ विमान जमिनीवर सरकतं आणि थांबतं. पुढच्या विमानाच्या पंखांमागे हवेचे भोवरे उठतात, ते विरेपर्यंत मागच्याने अंतर राखायचं असतं. पॅरिसकडे आधीच गर्दी असेल तर ब्रुसेल्सहून युरोपभरच्या विमानांची गर्दी सांभाळणारी यंत्रणा तुम्हाला लंडनलाच थांबवते. उलट दिशेने येताना लंडनभोवती घिरट्या घालण्याच्या चार ठरलेल्या जागा आहेत: बॉव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन. विमानं एकावर एक थर करून तिथे फिरत राहतात.

यात कंपन्यांचा स्वार्थही आहे, तो झाकून ठेवायचं कारण नाही. वेळापत्रक ठरवताना आधीच्या फेऱ्यांना किती वेळ लागला ते बघतात आणि बहुतेक फेऱ्या बसतील असा आकडा छापतात. थोडा सैल आकडा छापला की रोज ‘वेळेवर’ पोहोचता येतं. ही मिनिटं सुरक्षेच्या खात्यात टाकता येणार नाहीत.

आणि विमानात चढण्याआधीचा वेळ वेगळाच. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून अटलांटिकपार जाणारी विमानं द्रवरूप स्फोटकांनी उडवण्याचा कट उघड झाला, आणि हातातल्या सामानातली पाण्याची बाटली, शंभर मिलिलिटरची मर्यादा, ट्रे, रांग हे सगळं मागे लागलं. रेल्वेने नेमकी हीच फट ओळखली. खाडीखालचा सुमारे ५० किलोमीटरचा बोगदा १९९४ मध्ये खुला झाला, २००७ मध्ये इंग्लंडच्या बाजूचा वेगवान लोहमार्ग पूर्ण झाला, आणि आज युरोस्टार सव्वादोन तासांच्या आसपास शहराच्या मध्यातून शहराच्या मध्यात पोहोचवते. जमिनीवरून. १९१९ च्या विमानापेक्षा कमी वेळात.

आमच्या कामात एक मोह नेहमीचा असतो. जुन्या प्रणालीत एखादी तपासणी दिसते, ती का आहे हे कुणालाच आठवत नाही, आणि काढली तर सगळं वेगाने चालेल असं वाटतं. ती काढण्याआधी ती घातली कधी, त्या आठवड्यात काय झालं होतं, हे शोधायचं असतं. लंडन-पॅरिसच्या पन्नास मिनिटांचंही तेच. काही मिनिटं कंपन्यांनी स्वतःच्या सोयीने घातली, ती खुशाल मागे मागावीत. काही सरकारांनी आणि सैन्यांनी घातली. पण बरीचशी मिनिटं अशी आहेत की त्यांच्या मुळाशी एखादं धुकं आहे, एखादी टक्कर आहे आणि न पोहोचलेली माणसं आहेत.

आज बिगिनवर विमान तिसरी घिरटी घालायला लागलं की प्रवासी घड्याळ बघतात, पुढची गाडी चुकणार म्हणून वैतागतात. अडीच तासांच्या काळात प्रवासी खिडकीतून खाली मैदान शोधत असे. उशिराबद्दल चिडण्याची सोय आपल्याला मिळाली आहे, कारण पोहोचणार हे आपण धरूनच चाललेलो असतो.